मुक्काम एका शहरी, फेरी आगगाडीने



हल्ली आपल्यातली पुष्कळ कुटुंबे युरोपास जाऊन येतात. आठ दिवसांत पाच देश, आणि वडीलधाऱ्यांस आठवते ती बसची खिडकी! माझे मत निराळे आहे. पॅरिसला मुक्काम ठोकावा, सकाळी आगगाडीने निघावे, सायंकाळी परतावे.

यांतली एक फेरी इंदूरकरांस विशेष जवळची. शहराच्या पश्चिमेस सुमारे 20 किलोमीटरांवर साँ-जेर्में-आँ-ले हे गाव आहे. या बाजूची आगगाडी 1837 सालची; पॅरिसहून उतारूंसाठी निघालेली ती पहिलीच. स्टेशनाबाहेर येताच जुना राजवाडा दिसतो. चौदावा लुई 1638 साली याच गावी जन्मला. मागे दोन किलोमीटरांहून लांब गच्ची, खाली सीन नदी. म्हाताऱ्यांनीही सावकाश चालावे अशी ती जागा.

1926 साली गादी सोडलेल्या तिसऱ्या तुकोजीराव होळकरांचा एन्मों नावाचा वाडा येथेच होता. त्यांच्या आजोबांनी इंदूरला रेल्वे यावी म्हणून इंग्रज सरकारास 1 कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. नातवाने 1978 साली पॅरिसलाच देह ठेवला. वाड्याच्या आवारात आता शाळा भरते, नाना देशांची मुले शिकतात. मास्तर माणसास याहून गोड ते काय? मात्र शाळा असल्याने आत जाण्याचे आधी विचारून घ्यावे. आणि तिकीट टाकू नये. बाहेर पडताना फाटकाशी पुन्हा लागते.