हाताला शास्त्राची जोड



दहावीनंतर तंत्रनिकेतनात जाणारा मुलगा शिक्षणात मागे पडला, ही समजूत आपल्या घराघरांत अजून ठाण मांडून आहे. ती आम्हांस मान्य नाही.

बेळगावच्या ओतशाळांकडेच पाहा. साच्याच्या वाळूत ओलावा प्रमाणाबाहेर गेला की तप्त लोखंडाने त्याची वाफ होते आणि ओतीव वस्तूत पोकळ्या राहतात. जाणता कारागीर तो ओलावा मुठीत ओळखतो. तो मोजावा कसा व आवरावा कसा, हे उपयोजित शास्त्र शिकविते. विद्या आणि उद्योग यांची अशीच सांगड घालण्यासाठी १८९० साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यास कलाभवन निघाले. दादासाहेब फाळके तेथेच शिकले.

आज तीन वर्षांच्या पदविकेनंतर नोकरी धरता येते, अथवा नियमाप्रमाणे अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळविता येतो. विद्यापीठाचे दार उघडेच राहते. मात्र तेथे गणित एकदम कठीण होते आणि पदविकेच्या काळात ते टाकून देणारा अडखळतो. म्हणून मुलामुलींनो, हात यंत्रावर असू द्या, पण गणिताची वही मिटू नका. आणि पालकहो, या वाटेवर मुलांना पाठवाल ते अभिमानाने पाठवा. नाइलाजाने पाठविलेले मूल अर्धे मन घरीच ठेवून जाते.