वगामागची ढोलकी

मेंडेल्सोनने शेक्सपिअरच्या नाटकाला दिलेले संगीत १८४३ साली पॉट्सडॅमला वाजले, ते कागदावरून. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या जत्रांत वग उभा राहतो, तेव्हा वादकांपुढे कागद नसतो. राजाचा आवाज चढला की ढोलकीची थाप तो तोलून धरते, हलगी कडाडते; आई रडू लागली की पेटीचा एकच सूर उरतो. नारायणगावच्या विठाबाई (१९३५–२००२) आपल्याला लावणीसाठी आठवतात, पण वगातली त्यांची ताकदही तेवढीच. त्या संवादांमागची साथ कुणी लिहून ठेवली नाही. ती वगामागे बसूनच शिकायची. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, सुपाऱ्या ठरतात. पुष्कळ गावकरी आधी विचारतात, सिनेमाची गाणी किती? वगाचे नाव विचारणारे थोडेच.