रेघ कुठे थांबते?



डॉ. वि. श्री. वाकणकर, म्हणजे आपल्या उज्जैनचे हरिभाऊ, भीमबेटकाचे शोधकर्ते म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. आज त्यांच्या रेघेविषयी बोलू.

१९५७ साली त्यांना भीमबेटका गवसले. तिथल्या एकाच शिळेवर १६ जातींची २५२ जनावरे आहेत. निरनिराळ्या काळांत, एकावर एक रंगवलेली. ती शाईने कागदावर उतरवताना रंगाचा आधार सुटतो, उरते फक्त रेघ. समजा, हरणाची पाठ गव्याच्या पोटावर आली आहे. दोन्ही रेघा आरपार नेल्या, तर आधीचे कोण ते कळत नाही. गव्याची रेघ हरणापाशी तोडली, की हरीण नंतरचे ठरते. ती तोड चुकली, तर शतकांचा क्रम उलटतो. मांडणीतही तोच संयम लागतो: गर्दी विरळ करायची नाही, मोकळी जागा सजवायची नाही.

हरिभाऊंनी चित्रांचा काळक्रम लावला तो अशा थरांच्या आधारे. त्यांच्या पुस्तकांतली रेखाचित्रे पुन्हा काढून बघा. रेघ किती डौलदार वळते हे नंतर. आधी ती कुठे थांबते ते पाहा.