उमेदवारीला पगार हवा

(खान्देशातील सनदी लेखापाल, करसल्लागार आणि वकील यांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण)

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतून आलेले व्यवसायबंधू आणि भगिनी, आणि आपल्या विनंतीला मान देऊन आज इथे आलेले दिव्यांग पदवीधर मित्र-मैत्रिणींनो,

अध्यक्षाने वर्षभरातल्या कायदेबदलांचा आढावा घ्यावा, अशी आपली रीत आहे. पण करकायद्यांवर स्वतंत्र चर्चासत्रं ठेवलेली आहेत आणि त्यांत बोलणारी मंडळी जाणकार आहेत. म्हणून मला मिळालेला वेळ मी एकाच मागणीसाठी वापरणार आहे. आपल्या कार्यालयांत दिव्यांग तरुण-तरुणींना उमेदवारी मिळाली पाहिजे, आणि ती पगारी असली पाहिजे.

इथे बसलेला प्रत्येकजण उमेदवारी करूनच पुढे आला आहे. सनदी लेखापालांनी आर्टिकलशिप केली. ती पूर्वी तीन वर्षांची होती, 2023 च्या नव्या योजनेत ती दोन वर्षांवर आली. वकिलांनी कुणा ज्येष्ठाच्या हाताखाली ज्युनिअर म्हणून फायली उचलल्या. डॉक्टरला वर्षभर इंटर्नशिप असते, आयटीआयच्या मुलाला अप्रेंटिसशिप असते. आपल्या खान्देशातल्या अडत्यांच्या पेढीवर तर शाळा सुटली की मुलाला मुनीमजींच्या शेजारी गादीवर बसवायची पद्धत होती. रोजमेळ कसा लिहायचा, बाजार पडल्यावर गिऱ्हाइकाशी काय बोलायचं, हे तो तिथे बसून शिकायचा. आपल्यापैकी कुणालाही पहिल्या दिवशी ‘अनुभव किती?’ असं विचारलं गेलं नाही. चुका करायला आणि त्या निस्तरायला आपल्याला एक सुरक्षित जागा मिळाली, आणि त्या जागेनेच आपल्याला घडवलं.

ही जागा दिव्यांग मुलाच्या वाट्याला येत नाही. तो कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा बी.कॉम. होतो. इतरांनी सोडवली तीच प्रश्नपत्रिका तोही सोडवतो, फार तर लेखनिक घेतो. मग कार्यालयांच्या पायऱ्या चढू लागतो. कुणी त्याचा अपमान करत नाही. चहा विचारतात, वडिलांची चौकशी करतात आणि ‘कळवतो’ म्हणतात. असं दहा ठिकाणी ऐकलं की घरचे सांगतात, ‘बाबा, तू सरकारी परीक्षाच दे.’

सरकारी परीक्षेचा मार्ग मोठा आहे, आणि त्यावर आपल्या जळगावने देशाला दिशा दाखवली आहे. यजुर्वेंद्र महाजन यांच्या दीपस्तंभ फाउंडेशनचा ‘मनोबल’ प्रकल्प याच शहरात उभा राहिला. दिव्यांग आणि अनाथ मुलं इथे राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करतात, आणि राज्याबाहेरूनही इथे येतात. ज्यांचं मूळ कुटुंब जळगाव जिल्ह्यातलं, त्या प्रांजल पाटील यांचं नाव तर आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. लहानपणी दृष्टी गेलेल्या या मुलीने केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत 773 वा क्रमांक मिळवला. रेल्वेची लेखा सेवा वाट्याला आली, आणि पूर्ण दृष्टिहीन म्हणून ती नाकारली गेली. पुढच्या परीक्षेत त्यांनी 124 वा क्रमांक मिळवला, भारतीय प्रशासकीय सेवेत गेल्या आणि 2019 मध्ये तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी झाल्या.

नाकारली गेली ती सेवा लेखा सेवा होती, हे आपण हिशेबनीस मंडळींनी विसरू नये. आकड्यांचं काम डोळ्यांशिवाय होत नाही, ही समजूत आपल्याच व्यवसायाची आहे. ती खोडायची जबाबदारीही आपलीच.

शिवाय सरकारी जागा किती असणार? 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाखांहून अधिक दिव्यांग नोंदले गेले. 1995 च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत 3 टक्के आरक्षण दिलं. 2016 च्या कायद्याने ते 4 टक्के केलं आणि दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून 21 वर नेले. कायदा चांगला आहे, पण त्या 4 टक्क्यांत सगळे मावणार नाहीत. या जिल्ह्यांत हिशेब मात्र जागोजागी लिहिले जातात. जळगावच्या डाळ मिल, चटई आणि पाइपचे कारखाने, सराफ बाजार. रावेर-यावलचे केळीचे व्यापारी. धुळ्याच्या तेलगिरण्या, शिरपूरची सूतगिरणी, दोंडाईच्याचा मिरचीबाजार. या सगळ्यांची विवरणपत्रं आपल्या टेबलावरून जातात. चांगली माणसं मिळत नाहीत म्हणून आपण वर्षभर कुरकुरतो, आणि दारात आलेल्या पदवीधराला ‘कळवतो’ म्हणून परत पाठवतो.

आता पगाराविषयी. ‘शिकायला येऊ दे, पैशांचं नंतर बघू’ असं म्हणणारे सज्जन लोक पुष्कळ आहेत. त्यांचा हेतू चांगला असतो, पण हिशेब चुकतो. चाकाची खुर्ची वापरणाऱ्या मुलीला शेअर रिक्षा चालत नाही, तिला रोज पूर्ण रिक्षा करावी लागते. दृष्टिहीन मुलाला सुरुवातीचे काही दिवस सोबत लागते, आणि सोबत येणाऱ्या भावाची मजुरी बुडते. बिनपगारी उमेदवारी म्हणजे त्या घराने आपल्याला पैसे मोजून काम शिकायचं. ज्याच्या घरी शेत-जमीन, दुकान आहे तोच ती करू शकतो. दुसरं म्हणजे, ज्याला आपण महिन्याला पैसे देतो त्याच्याकडून आपण खरं काम घेतो. फुकट बसलेल्याला कोपऱ्यात वर्तमानपत्र देऊन बसवलं जातं, आणि सहा महिन्यांनी तो जसा आला तसाच परत जातो. पगारामुळे दोघांवरही जबाबदारी येते.

आपला आयकर कायदाही मला इथे आठवतो. ज्या सवलतीला आपण कलम 80-यू म्हणून ओळखतो, तिच्यात जुन्या करप्रणालीत दिव्यांग व्यक्तीला 75 हजार रुपयांची आणि तीव्र दिव्यांगत्व असेल तर सव्वा लाखाची वजावट मिळते. ज्याला उत्पन्नच नाही, त्याने ती वजावट कशातून घ्यायची? आधी उत्पन्न हवं. त्याची सुरुवात आपल्या कार्यालयात होऊ शकते.

हे काम प्रत्यक्षात कसं होतं, ते माझ्या कार्यालयातलं एक उदाहरण देऊन सांगतो. दृष्टिहीन वाणिज्य पदवीधर मुलगी संगणकावर बसते. कानाला इअरफोन. संगणकात एनव्हीडीए नावाची प्रणाली. ती 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी बनवायला घेतली, आणि आजही फुकट मिळते. पडद्यावरचं सगळं ती वाचून दाखवते. मुलीपुढे एक्सेलमध्ये दोन याद्या आहेत, एक खरेदी नोंदवहीची आणि दुसरी जीएसटीच्या 2बी विवरणाची. बाणाच्या कळीवर बोट, आणि कानात चौकटीचा क्रमांक, बिलाचा क्रमांक, रक्कम. आपल्याला नुसती खरखर ऐकू येईल इतक्या वेगाने ती ऐकते. एका पुरवठादाराचं क्रेडिट काही केल्या जुळत नव्हतं. रक्कम तीच, तारीख तीच, बिल क्रमांकही डोळ्यांना हुबेहूब तोच. तिने क्रमांक एकेक अक्षर करून ऐकला. एका यादीत शून्य होतं, दुसरीत इंग्रजी ‘ओ’ हे अक्षर. पाहणाऱ्याला दोन्ही सारखी दिसतात, ऐकणारीला दोन वेगळे शब्द ऐकू येतात. त्या दिवसापासून न जुळणारी बिलं आधी तिच्याकडे जातात.

अडचणी येतात, त्या लपवून उपयोग नाही. व्यापारी बिलांचे मोबाइलवर काढलेले फोटो पाठवतात, आणि फोटो आला की तिची प्रणाली गप्प होते. आम्ही ग्राहकांना टॅलीतून थेट पीडीएफ किंवा एक्सेल पाठवायला सांगितलं. त्याने बाकीच्यांचंही टंकलेखन वाचलं. कॅप्चाचं चित्र आलं की शेजारच्याला हाक मारावी लागते. केवायसीसाठी ‘डोळे मिचकवा’ असं सांगणारी पद्धत तर दृष्टिहीन माणसाला बाहेरच ठेवते. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि केवायसीच्या पद्धती बदलायला सांगितलं. वकील मित्रांना त्याआधीचा, 3 मार्च 2025 चा निकालही ठाऊक असेल. केवळ दृष्टिहीन आहे म्हणून कुणाला न्यायिक सेवेपासून दूर ठेवता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. दृष्टिहीन व्यक्ती न्यायासनावर बसू शकते. मग आपल्या कार्यालयात ज्युनिअर म्हणून तिला नको म्हणायला काय कारण उरलं?

मूकबधिर उमेदवार असेल तर सूचना लिहून द्या. लेखी सूचनेचा फायदा सगळ्या कार्यालयाला होतो. जिना ही मात्र खरी अडचण आहे. जळगावच्या जुन्या पेठेत काय आणि धुळ्याच्या गल्ल्यांमध्ये काय, आपली बहुतेक कार्यालयं वरच्या मजल्यावर आहेत. लिफ्ट बसवणं प्रत्येकाला जमणार नाही, हे मी समजू शकतो. पण तळमजल्यावरच्या ग्राहकाच्या दुकानात एक टेबल मिळू शकतं, आठवड्यातले काही दिवस घरून काम देता येतं. वाजवी सोय करून देणं हे 2016 च्या कायद्याने उपकारांच्या यादीतून काढून हक्कांच्या यादीत घातलं आहे.

जगात हा प्रयोग नवा नाही. अमेरिकेत विज्ञान क्षेत्रातल्या एका मोठ्या संस्थेने 1996 मध्ये ‘एंट्री पॉइंट’ नावाने दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी पगारी इंटर्नशिप सुरू केली. नासा आणि आयबीएमसारख्या ठिकाणी मुलं उन्हाळाभर काम करू लागली. ब्रिटनमध्ये लेनर्ड चेशायर संस्थेने ‘चेंज 100’ या नावाने दिव्यांग पदवीधरांना तीन महिन्यांची पगारी कामं मिळवून दिली. दोन्हीकडे सूत्र एकच होतं: मुदत ठरलेली, काम खरं, पैसे ठरलेले आणि मार्गदर्शक नेमलेला.

पैसा कुठून आणायचा, हा आपला आवडता प्रश्न. अप्रेंटिस कायद्याप्रमाणे 30 किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. 4 ते 29 माणसांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे. म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच कार्यालयांना तो दरवाजा उघडा आहे, आणि राष्ट्रीय योजनेतून विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना 1,500 रुपयांपर्यंत, सरकार उचलतं. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत 2024 पासून बारावी झालेल्याला 6,000, आयटीआय किंवा पदविकाधारकाला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये महिना ठरवला गेला. पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत सुरुवातीला वयाची अट 21 ते 24 होती. शाळेत उशिरा गेलेल्या, शस्त्रक्रियांत वर्षं गमावलेल्या दिव्यांग मुलाचं पदवीचं वयच अनेकदा त्यापुढे जातं. अशा प्रत्येक योजनेत दिव्यांगांसाठी वयाची सवलत असावी, अशी मागणी या व्यासपीठावरून गेली पाहिजे.

आणखी एक निधी आपल्या दाराशी आहे. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा आणि ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करायचा आहे. त्यातून वस्तू वाटल्या जातात, त्याही लागतातच. पण त्यातला एक भाग उमेदवारीच्या विद्यावेतनासाठी आणि येण्याजाण्याच्या भत्त्यासाठी राखला, तर एका वर्षात या दोन जिल्ह्यांत कमावते हात उभे राहतील. अर्थसंकल्प वाचणारी माणसं आपण आहोत. ही तरतूद कशी करायची, हे स्थानिक संस्थांना आपणच बसून समजावू शकतो.

म्हणून परिषदेपुढे मी चार ठराव ठेवतो. एक, पाचपेक्षा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक सभासद कार्यालयाने येत्या वर्षात किमान एका दिव्यांग उमेदवाराला सहा महिन्यांची पगारी उमेदवारी द्यावी, आणि वेतन इतर उमेदवारांइतकंच असावं. दोन, लहान कार्यालयांनी दोघा-तिघांनी मिळून एक उमेदवार घ्यावा. तीन, प्रत्येक उमेदवारामागे एक अनुभवी सहकारी नेमावा, आणि मुदत संपताना केलेल्या कामांची नोंद असलेलं प्रमाणपत्र द्यावं, म्हणजे पुढच्या दारात ‘अनुभव किती?’ या प्रश्नाला त्याच्या हातात उत्तर असेल. चार, दोन्ही जिल्ह्यांच्या स्थानिक संस्थांना 5 टक्के निधीबाबतचं निवेदन याच परिषदेच्या वतीने द्यावं.

हे आपल्या भागात जमेल का, अशी शंका असेल तर आठवा: आपल्याच अमळनेरला 1945 मध्ये वनस्पती तुपाचा एक कारखाना निघाला, आणि त्याच कंपनीची पुढे विप्रो झाली. मोठं काम लहान गावातून उभं राहू शकतं, यावर खान्देशाचा विश्वास आधीपासून आहे.

समोर बसलेल्या तरुण मित्रांना सांगतो, आमच्याकडे कुणाची दया घ्यायला येऊ नका. काम शिकायला या, चुका करा, आमचे नखरे सहन करा, आणि महिना भरला की पगार मागून घ्या. आणि माझ्या व्यवसायबंधूंनो, नोंदणीचा तक्ता सभागृहाच्या दाराशी ठेवला आहे. त्यावर कार्यालयाचं नाव आणि किती उमेदवार घेणार तो आकडा लिहूनच जेवायला जावं, अशी अध्यक्ष म्हणून माझी आपल्याला विनंती आहे. पहिलं नाव मी लिहिलं आहे.