चाकांवरील घराचा पत्ता

अमेरिकेंत मोटारीलाच घर जोडून बारमाही भ्रमंती करणारीं कुटुंबें आहेत. आज फ्लोरिडाचा समुद्रकिनारा, तर महिन्याभरानें अ‍ॅरिझोनाचें वाळवंट, असा त्यांचा क्रम असतो. परंतु घर फिरतें असलें तरी कायद्याला स्थिर पत्ता लागतो. वाहनाची नोंदणी, कर, मतदान, विमा, मृत्युपत्र या सर्वांसाठीं एक घटकराज्य आपलें म्हणून ठरवावें लागतें.

फ्लोरिडा, टेक्सास व साउथ डाकोटा हीं राज्यें या प्रवाशांच्या विशेष पसंतीचीं. कारण तेथें व्यक्तीच्या प्राप्तीवर राज्याचा कर नाहीं. साउथ डाकोटांत तर एका रात्रीच्या मुक्कामाची पावती व टपाल स्वीकारणाऱ्या संस्थेचा पत्ता यांच्या आधारें वाहनचालकाचा परवाना मिळूं शकतो. टेक्सासांतील लिव्हिंग्स्टन येथें एस्केपीज या प्रवासीसंघाची मोठी टपालव्यवस्था आहे.

पण केवळ करावर दृष्टि ठेवणारा फसण्याचा संभव असतो. आरोग्यविम्याची सोय पुष्कळदां एका राज्यापुरतीच असते; आजार मात्र सीमा पाहून येत नाहीं. मतदानाचा प्रश्न तर याहून नाजूक. साउथ डाकोटानें २०२३ मध्यें मतदार-नोंदणीपूर्वीं किमान ३० दिवसांचें वास्तव्य आवश्यक ठरविलें. एका रात्रीच्या पाहुण्याला परवाना मिळाला, तरी मताचा हक्क तितका स्वस्त राहिला नाहीं.

शिवाय जुन्या राज्यांतील घर व व्यवहार तसेच ठेविले, तर तें राज्य करासाठीं पुन्हां दारांत उभें राहूं शकतें. फिरणें संपल्यावर माणूस परतणार कोठें, हा कायद्याचा खरा प्रश्न. त्याचें प्रामाणिक उत्तर आधीं ठरवावें, आणि मगच राज्य निवडावें.