दोष एकट्या सुनेचा नव्हे
(पालक मेळाव्यातील भाषण)



आजचा विषय सभेत बोलण्यास संकोचाचा आहे. पण संकोचापायी संसार मोडत असतील, तर शिक्षकाने गप्प बसणे बरे नव्हे.

माझी एक जुनी विद्यार्थिनी. लग्नाला चार वर्षे झाली, मूल नाही, म्हणून तिला माहेरी पाठविले. तिच्या सर्व तपासण्या झाल्या, ताईत बांधून झाले. नवऱ्याची एकही तपासणी झाली नाही. त्याचे दुसरे लग्न झाले; त्या घरी अद्याप पाळणा हललेला नाही.

विज्ञान काय सांगते? शुक्राणू स्त्रीच्या अंडपेशीपर्यंत पोहोचला म्हणजे काम झाले असे नाही. दोघांच्या पृष्ठभागावरील प्रथिने किल्ली-कुलपाप्रमाणे एकमेकांत बसावी लागतात. शुक्राणूवरील असे ‘इझुमो’ नावाचे प्रथिन जपानी शास्त्रज्ञांनी 2005 साली दाखवून दिले. ते नसलेल्या नर उंदरांचे शुक्राणू दिसायला धडधाकट होते, पोहतही होते. पण अंडपेशीशी एकरूप होईनात. ते प्रथिन नसलेल्या माद्यांना मात्र पिले झाली. अंडपेशीवरील त्याचे जोडीदार प्रथिन ‘जुनो’ 2014 साली इंग्लंडमध्ये सापडले.

यातून आपण काय घ्यावे? नेहमीच्या वीर्यतपासणीत शुक्राणूंची संख्या, हालचाल व आकार पाहतात. प्रथिने त्यात दिसत नाहीत. म्हणून मुलाचा अहवाल चांगला आला तरी दोष सुनेचाच, असे ठरत नाही. मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणाचाही वाटा असतो.

अहवाल वाईट आला तरी खचू नये. शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. तंबाखू-सिगारेट सोडून, डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा तपासणी करावी. उपायही आहेत. 1986 साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नाने टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. पुढे 1992 साली बेल्जियमच्या डॉक्टरांनी एकच शुक्राणू बारीक सुईने थेट अंडपेशीत सोडण्याची पद्धत जाहीर केली. तेथे किल्ली-कुलपाची अडचणच राहत नाही. हा उपचार खर्चाचा आहे. पहिली वीर्यतपासणी मात्र साधी असते.

पालकांना माझी विनंती एवढीच की, तपासणी पहिल्या दिवसापासून दोघांचीही करा. आणि मुलांनो, आज बाकावर बसणारे तुम्ही उद्या कोणाचे तरी शौहर होणार आहात. त्या वेळी बायकोला एकटीला दवाखान्यात पाठवू नका. सोबत जा आणि आपलीही तपासणी करून घ्या.