रुग्णालयातील ताट आणि अन्नाचे वावडे



कसबा पेठ ही पुण्यातील सर्वांत जुनी पेठ होय. ग्रामदैवत कसबा गणपती, लाल महाल, कुंभारवाडा आणि तांब्या-पितळेची भांडी घडविणारी तांबट आळी ही तिची ओळख. येथील जुन्या वाड्यांतील स्वयंपाकघरांत एक शिस्त पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली. एकादशीच्या दिवशी खिचडीचे उलथणे कांदा-लसणीच्या भाजीत जात नसे. उपवासाचे भांडे वेगळे, झाकणी वेगळी आणि वाढणारा हातही धुतलेला असे. ही शिस्त श्रद्धेपोटी होती. परंतु एका पदार्थाचा कण दुसऱ्या पदार्थात जाऊ नये म्हणून जे जे करावे लागते, ते सारे त्या गृहिणीस पाठ होते. आज रुग्णालयांना नेमक्या याच दक्षतेची गरज आहे. कारण काही रुग्णांच्या बाबतीत चिमूटभर दाण्याचे कूट हा व्रतभंगाचा नव्हे, तर जीवन-मरणाचा प्रश्न ठरतो.

एक कल्पित प्रसंग

एक प्रसंग कल्पनेने डोळ्यांपुढे आणावा. आठ वर्षांचा एक मुलगा हाताचे हाड मोडल्यामुळे रुग्णालयात दाखल होतो. परिचारिका विचारते, "कशाची ॲलर्जी आहे का?" वडील म्हणतात, "औषधाची काही नाही." कागदावर 'नाही' अशी नोंद होते. थोड्या वेळाने आई सांगते, "सिस्टर, याला दाण्याचे वावडे आहे." परिचारिका मान डोलावते. पाळी बदलते. दुसऱ्या दिवशी दुपारी ताटात काकडीची कोशिंबीर येते आणि तिच्यात दाण्याचे कूट असते. दहा मिनिटांत मुलाच्या अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, आवाज घोगरा होतो आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागतो.

या प्रसंगात कोणीही निष्काळजी नव्हते. आईने सांगितले होते, परिचारिकेने ऐकले होते, स्वयंपाक्याने नेहमीप्रमाणे चांगली कोशिंबीर केली होती. उणीव एवढीच की, आईने सांगितलेली गोष्ट स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली नाही.

शब्दांची गफलत

याचे एक कारण आपल्या भाषेतच दडलेले आहे. 'वावडे' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. एखाद्यास वांगे आवडत नाही, तेही वावडे. आणि एखाद्याचा श्वास मासा खाल्ल्याने कोंडतो, तेही वावडेच. त्यामुळे आई जीवाच्या धोक्याविषयी बोलत असते आणि ऐकणाऱ्यास ते मुलाचे खाण्यातील लाड वाटतात. दुसरा शब्द 'पित्त'. अंगावर गांधी उठल्या की 'पित्त उठले' असे म्हणून आमसुलाचे पाणी लावण्याची घरोघरी रीत आहे. रुग्णाने "मला या पदार्थाने पित्त होते" असे सांगितले, तर त्याचा अर्थ आम्लपित्त की गांधी, हे विचारून घेतले पाहिजे.

ॲलर्जी आणि न सोसणे यांतही भेद आहे. दुधातील शर्करा न पचल्याने पोट फुगणे हा त्रास होय, परंतु ती ॲलर्जी नव्हे. ॲलर्जीत शरीराची संरक्षक यंत्रणा अन्नातील निरुपद्रवी प्रथिनास शत्रू समजून त्याच्यावर तुटून पडते. पोर्टिए आणि रिशे या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये अशा तीव्र प्रतिक्रियेस 'ॲनाफिलॅक्सिस' हे नाव दिले. १९०६ मध्ये फॉन पिर्के यांनी 'ॲलर्जी' हा शब्द रूढ केला. १९१३ चे नोबेल पारितोषिक रिशे यांना याच कार्याबद्दल मिळाले. शास्त्र एवढे जुने असताना रुग्णालयांतील व्यवहार मात्र अद्याप औषधांच्या ॲलर्जीपाशीच थांबलेला दिसतो.

दुसऱ्या टोकासही जाऊ नये. कर्नाटकातील प्रौढांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. रक्ततपासणीत कोणत्या ना कोणत्या अन्नाविषयी संवेदनशीलता आढळलेल्यांचे प्रमाण सुमारे २६ टक्के होते; प्रत्यक्ष अन्नॲलर्जी संभवनीय ठरलेल्यांचे प्रमाण मात्र सुमारे १ टक्का होते. केवळ तपासणीच्या कागदावरून दहा पदार्थ बंद केले, तर रुग्णाचे, विशेषतः वाढत्या मुलाचे, कुपोषण होते. म्हणून कोणता पदार्थ खाल्ला, किती वेळात काय झाले आणि पुन्हा खाल्ल्यावर तेच झाले काय, हे तीन प्रश्न अत्यंत महत्त्वाचे आहेत.

ताटाला लेबल नसते

भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार वेष्टनबंद खाद्यपदार्थावर ॲलर्जीकारक घटकांची माहिती छापावी लागते. ग्लुटेनयुक्त तृणधान्ये, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी जलचर, शेंगदाणे, काजू-बदामासारखी कवचफळे आणि सोयाबीन यांचा त्या यादीत समावेश आहे. युरोपीय संघात डिसेंबर २०१४ पासून शिजवून वाढलेल्या अन्नाविषयीही १४ घटकांची माहिती ग्राहकास उपलब्ध करून द्यावी लागते. आपल्याकडे बिस्किटाच्या पुड्यावर माहिती मिळते. परंतु रुग्णाच्या खाटेवर येणाऱ्या ताटाला लेबल नसते.

आणि मराठी स्वयंपाकात हे घटक उघड दिसत नाहीत. दाण्याचे कूट कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात आणि पालेभाजीतही असते. दाट रश्श्यात काजूचे वाटण, चटणीत तीळ, तर कोकणातल्या भाजीत सुकट असू शकते. बाजारात मिळणाऱ्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. अशक्त रुग्णास दिली जाणारी प्रथिनांची पूड अनेकदा दुधापासून केलेली असते. शुद्धीकरण केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही. घाण्याच्या तेलात मात्र ते राहू शकते. शिजविल्याने दाण्यातील ॲलर्जीकारक प्रथिने नाहीशी होत नाहीत आणि वरवर दिसणारे दाणे वेचून काढल्याने ताट सुरक्षित होत नाही.

आणखी एक वाट रुग्णालयाबाहेरून येते. शेजारच्या खाटेवरील रुग्णाचा डबा, देवाचा प्रसाद, कोणाच्या वाढदिवसानिमित्त वाटलेली बिस्किटे व लाडू, ही सारी माणुसकीची देणी होत. ती थांबवू नयेत. परंतु वाटप करणाऱ्याने प्रथम प्रभागातील परिचारिकेस विचारण्याची पद्धत असावी.

काय करता येईल

यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. दाखल करताना औषधांची आणि अन्नाची ॲलर्जी हे दोन स्वतंत्र प्रश्न विचारावेत व उत्तर रुग्णाच्या शब्दांत लिहावे. ही नोंद केसपेपरवर, खाटेच्या पाटीवर आणि आहाराच्या यादीत अशा तीन ठिकाणी असावी. प्रत्येक पाळी बदलताना ती तोंडी सांगितली जावी. असे ताट सर्वांत आधी, स्वच्छ भांड्यात व वेगळ्या पळीने भरावे, झाकावे आणि त्यावर रुग्णाचे नाव व वर्ज्य पदार्थ लिहिलेली चिठ्ठी लावावी. वाढणाऱ्याने ती चिठ्ठी मोठ्याने वाचूनच ताट द्यावे. स्वयंपाकी व वाढपी यांना प्रशिक्षणात डॉक्टरांइतकेच स्थान मिळावे. कारण शेवटचा निर्णय त्यांच्या पळीवर अवलंबून असतो.

एवढे करूनही प्रतिक्रिया आलीच, तर क्षणाचाही विलंब नको. गांधी उठण्याबरोबर धाप, आवाज बसणे, वारंवार उलट्या किंवा भोवळ ही लक्षणे दिसताच ॲड्रिनॅलिन हेच पहिले औषध होय. ते मांडीच्या मध्यभागी, बाहेरच्या बाजूस, स्नायूत टोचतात. मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोस ०.०१ मिलिग्रॅम, प्रौढास जास्तीत जास्त ०.५ मिलिग्रॅम, आवश्यकता भासल्यास ५ ते १५ मिनिटांनी पुन्हा. रुग्णास आडवे निजवून पाय उंच करावेत. धाप असल्यास बसू द्यावे, परंतु एकदम उभे करू नये. ॲलर्जीची गोळी किंवा स्टिरॉइडचे इंजेक्शन ॲड्रिनॅलिनची जागा घेऊ शकत नाही. काही रुग्णांत काही तासांनी लक्षणे परत उद्भवतात, म्हणून बरे वाटताच घरी पाठवू नये. ॲड्रिनॅलिन हे आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय सूचीतील स्वस्त औषध आहे. प्रश्न किमतीचा नसून, ते प्रभागात हाताशी आहे काय आणि ते देण्याचे धैर्य कर्मचाऱ्यांत आहे काय, हा आहे.

गावाचा वाटा

हे काम शहरापुरते नाही. शाळेत पोषण आहार शिजतो, अंगणवाडीत लाडू व उसळ मिळते. शिक्षकांनी प्रवेशाच्या वेळी पालकांना अन्नाच्या ॲलर्जीविषयी विचारून तशा मुलांची यादी स्वयंपाकघरात ठेवावी. ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात ॲड्रिनॅलिनचा साठा आहे व त्याची मुदत संपलेली नाही, एवढी चौकशी अधूनमधून करावी. २०१४ पासून राज्यात असलेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावताना "अन्नाची तीव्र ॲलर्जी, श्वास घेता येत नाही" असे स्पष्ट शब्दांत सांगावे.

१८६७ मध्ये सुरू झालेले ससून आणि १९१२ मध्ये स्थापन झालेले रास्ता पेठेतील केईएम अशी जुनी रुग्णालये असलेल्या या शहरात रुग्णसेवेची परंपरा दीर्घ आहे. त्या परंपरेत ही लहानशी भर पडावी. कसब्यातील गृहिणीने एकादशीच्या उलथण्यासाठी जी दक्षता घेतली, तीच रुग्णालयाच्या पळीने घेतली, तर दाखल होताना आईने सांगितलेले एक वाक्य मुलाच्या ताटापर्यंत पोहोचेल. आणि पुढच्या वेळी "याला दाण्याचे वावडे आहे" असे ती म्हणेल, तेव्हा ऐकणाऱ्याचा हात आधी लेखणीकडे जाईल.